पऱ्हाटीचा पाठ

अध्यापक पदविकेच्या अभ्यासक्रमात सराव पाठांना मोठे महत्त्व असते. टाचण काढावे, उद्दिष्टे लिहावीत, शैक्षणिक साहित्य जमवावे आणि मार्गदर्शक शेवटच्या बाकावर बसून गुण देत असताना पाठ निभावून न्यावा, अशी ती रीत. अमरावतीजवळच्या वलगावात छात्राध्यापक म्हणून आम्ही एका प्राथमिक शाळेत गेलो, तेव्हा ही सारी सामग्री आमच्यापाशी होती.

इयत्ता तिसरीचा वर्ग. विषय, वनस्पतीचे अवयव. रंगीत तक्त्यातील कपाशीवर छडी ठेवून आम्ही विचारले, "हे कोणते झाड?"

पहिल्या रांगेतील एक मुलगी चटकन उठून म्हणाली, "पऱ्हाटी!"

उत्तर अचूक होते. वऱ्हाडात कपाशीला पऱ्हाटीच म्हणतात. परंतु आमच्या टाचणात 'कपाशी' लिहिले होते. "पऱ्हाटी नव्हे, कपाशी. शुद्ध बोलावे," आम्ही म्हणालो. मुले हसली. मुलगी खाली बसली ती तास संपेपर्यंत मान वर न करता. पुढे कोणाचाच हात वर होईना. पाठ मात्र वेळेत संपला आणि गुणही बरे मिळाले.

मधल्या सुट्टीत वर्गाच्या बाई एवढेच म्हणाल्या, "तिची माय कापूस वेचायला जाते. सुटीच्या दिवशी तीही जाते. तिला विचारून तर पाहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तक्ता बाजूस ठेवला आणि पऱ्हाटीचे झाडच मुळासकट वर्गात नेले. मुलीजवळ बसून म्हणालो, "काल आमचे चुकले. ही पऱ्हाटीच. आता तूच सांग." ती बराच वेळ गप्प होती. मग बोट ठेवून सांगू लागली: ही पाती, हे फूल, हे बोंड, फूल आधी फिकट असते, मग लाल होते, बोंड फुटले की कापूस आणि कापसात सरकी. फुलाचा रंग बदलतो, हे आमच्या टाचणात नव्हते. हळूहळू सारा वर्ग बोलू लागला. शेवटी फळ्यावर आम्ही 'पऱ्हाटी' लिहिले आणि त्याशेजारी 'कपाशी' हा शब्द तिने स्वतः लिहिला.

संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल यांचे चरित्र आम्ही पूर्वी वाचले होते. सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये वाचनाचा आरंभ लॅटिनमधून होई. या संताने आपल्या शाळांत गरिबांच्या लेकरांना आधी त्यांच्या फ्रेंच भाषेत वाचावयास शिकविले. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. प्रभू येशूनेही स्वर्गाच्या राज्याची गोष्ट पेरणाऱ्याच्या आणि मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यांनीच सांगितली. आणि ज्या वलगावात आम्ही 'शुद्ध बोलावे' असे म्हणालो, त्याच्याजवळच पेढी नदीकाठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा कीर्तनात वऱ्हाडी बोलत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच मुखातून काढीत. मुलांना शिकवा, हे त्यांनी अशाच बोलीत घरोघरी पोचविले.

हे सर्व आम्हास ठाऊक होते. तरीही एका लेकराच्या तोंडचा शब्द आम्ही खोडला. प्रमाणभाषा शिकवावी, ते शिक्षकाचे कर्तव्यच आहे. पण घरच्या शब्दाला वर्गात जागा दिल्यावाचून नवा शब्द रुजत नाही.

त्या दुसऱ्या पाठाला गुण नव्हते. शेवटच्या बाकावर कोणी बसलेही नव्हते. शिक्षक म्हणून आमचा आरंभ आम्ही त्याच दिवसापासून मोजतो.