दोन न्याहऱ्या : एक डहाणूची, एक तलासरीची

वाचकहो, ही हकिकत घरातल्या भांडणापासून सुरू होते, तेव्हा आधी तेच सांगते. गेल्या मार्गशीर्षात आमचा धाकटा नातू शाळेत प्रार्थनेला उभा असताना भोवळ येऊन खाली बसला. डॉक्टरांनी तपासले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारले, "सकाळी काय खाऊन आलास?" पोर म्हणाले, "चहा आणि दोन बिस्किटं." घरी आल्यावर मी सुनेला बोलले. ती गप्प बसणारी नव्हेच. म्हणाली, "आई, तुम्ही तरी सकाळी काय खाता? काल दुपारी बारापर्यंत कांद्याच्या रोपात होतात, तेव्हा पोटात काय होतं?" मी काय सांगणार? चहा आणि एक खारी.

तुमच्या घरी याहून वेगळे असेल तर तुमचे कौतुकच आहे. माझ्या सासूबाईंच्या वेळी बांधावर न्याहरी यायची. भाकरी, ठेचा, कालचे पिठले, दह्याचा गडू. फडक्याची गाठ सुटली की गडीमाणसे औत सोडून बसायची. त्या न्याहरीचा चहा कधी झाला, हे घरात कुणालाच नेमके सांगता येत नाही.

पौषात आम्ही दोघे चिकूची कलमे आणायला डहाणूला गेलो. विहिरीच्या बाजूला दहा झाडे लावावीत असे ह्यांच्या मनात बरेच दिवस होते. नाशिकहून जव्हारमार्गे घाट उतरलो. जव्हार मागे पडले की हवा बदलते. थंडी ओसरते, ताडाची आणि शिंदीची झाडे दिसू लागतात, प्रत्येक ताडाच्या शेंड्याला मडके. डहाणू, घोलवड, बोर्डी हा समुद्रालगतचा पट्टा म्हणजे चिकूच्या वाड्याच वाड्या. कालीपत्ती जातीची झाडे, पानांचा रंग गडद हिरवा, आत शिरले की भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे दुसऱ्या भागातल्या मालावर कुणाला ते नाव लावता येत नाही. कलम खिरणीच्या खुंटावर बांधलेले असते. खिरणी सावकाश वाढते, पण मुळे खोल धरते. कलमे घ्यायला गेलात तर एवढे पाहून घ्या, की जोड नीट बुजला आहे.

आम्ही ज्या वाडीत गेलो ती एका इराणी कुटुंबाची. शहरात इराणी म्हटले की चहाचे हॉटेल आठवते, पण डहाणूत इराणी म्हणजे बागाईतदार. हे लोक झरथुष्ट्राचा धर्म पाळणारे, पारशांचेच धर्मबंधू, मात्र पारशी आधी आले आणि हे पुष्कळ नंतर. पारशांचे पूर्वज हजार वर्षांहून आधी इथून जवळच गुजरातेतल्या संजाणला उतरले. त्यांचा कहाणीग्रंथ 'किस्सा-ए-संजाण' १५९९ साली लिहिला गेला. त्यात सांगितले आहे की संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपवून सांभाळला. तो डोंगर याच भागात, बोर्डीच्या पूर्वेला आहे आणि त्यातली लेणी आजही आहेत. तो अग्नी पुढे बरीच ठिकाणे फिरून १७४२ साली उदवाड्याला गेला.

इराणी आले ते एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी, यज्द आणि केरमान या भागांतून. तिकडे त्यांच्यावर जिझिया होता, दुष्काळ होता, गरिबी होती. मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना १८५४ साली इराणात पाठवले. त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा १८८२ साली तो कर उठला. तरी माणसे येतच राहिली. काही मुंबई-पुण्यात बेकऱ्यांत राबली, काही या किनाऱ्याला येऊन ताडीच्या आणि बागाईतीच्या धंद्यात पडली.

वाडीच्या म्हाताऱ्या मालकीणबाई पडवीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला रुमाल, बोलणे गुजराती-मराठीची मिसळ. मी कलमांचे विचारले तर म्हणाल्या, "पेला नाश्ता. मग कलम. तुमी ईडा खाते ने?" मी खाते, हे खात नाहीत. बाईंनी दोघांची सोय केली.

आता त्या टेबलावर काय काय आले ते ऐका. पुदिना आणि गवती चहा घालून उकळलेला चहा, त्यात साय असलेले दूध. ताजा पाव. घरचे पनीर, मिठाच्या पाण्यात ठेवलेले. चिकूच्या फोडी. माझ्यासाठी अकुरी. ह्यांच्यासाठी गोड रवा, तुपात भाजून दुधात शिजवलेला, वर बेदाणे. आणि सगळ्यांत शेवटी एका डब्यातून भाखरे.

अकुरी म्हणजे आपली अंड्याची भुर्जीच, पण एक फरक आहे आणि तोच महत्त्वाचा. भुर्जी आपण कोरडी होईपर्यंत परततो. अकुरी ओलसर असतानाच उतरवायची. चार माणसांना सहा अंडी धरा. तुपावर दोन कांदे बारीक चिरून गुलाबी करा, आले, लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर हळद, जिरे, एक टोमॅटो घाला. टोमॅटोचे पाणी आटले की आच अगदी मंद करून फेटलेली अंडी ओता आणि हलवत राहा. दही लागल्यासारखे दिसू लागले की लगेच खाली घ्या, भांड्याच्या उष्णतेने ती आणखी शिजते. वर भरपूर कोथिंबीर.

बाईंची दुसरी युक्ती मला जास्त आवडली. त्यांच्यात कुठल्याही भाजीवर अंडे फोडून घालतात. बटाट्यावर, टोमॅटोवर, भेंडीवर, मेथीवर. त्याला 'पर ईडू' म्हणतात, म्हणजे वर अंडे. कालची उरलेली भाजी कढईत पसरायची, चमच्याने खळगे करायचे, खळग्यात अंडी फोडायची, झाकण ठेवायचे. पाच मिनिटांत न्याहरी. ज्यांच्या परसात चार कोंबड्या आहेत त्यांना याहून सोपे काय?

भाखरा मात्र सोपा नाही. दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी रवा, पाऊण वाटी साखर, दोन अंडी, दोन चमचे तूप, वेलदोडा, जायफळ, आणि भिजवायला ताजी ताडी. पहाटे झाडावरून उतरवलेली ताडी गोड असते आणि ऊन चढेल तशी आंबत जाते. तेच आंबणे इथे कामाला येते. गोव्यात सान्ने फुगवायला सूर वापरतात, तशातलाच हा प्रकार. पीठ घट्ट भिजवून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी जाड लाटून, वाटीने गोल कापून मंद आचेवर तुपात तळायचे. बाहेरून खुसखुशीत, आत जाळी. आठवडाभर टिकतात.

मी विचारले, "हे सगळं इराणातलं का?" बाई हसल्या. त्यांच्या आजोबांच्या गावात सकाळी पाव, पनीर, मूठभर हिरवा पाला आणि साखरेचा खडा तोंडात धरून प्यायचा बिनदुधाचा चहा, एवढेच होते. ताडी इथली, गवती चहा इथला, चिकू इथला. अकुरी तर पारशांकडून घेतली. मग म्हणाल्या, त्यांच्यात दुपारच्या जेवणाला 'नाहार' म्हणतात. मी चमकले. आपला न्याहरी हा शब्द फारसीतूनच आलेला. ज्यांच्या मुलखातून शब्द आला त्यांच्या टेबलावर बसून मी तो पुन्हा ऐकत होते, आणि माझ्या घरात शब्द शिल्लक होता, न्याहरी नव्हती.

"आता तुमच्याकडे हे कोण करतं?" या माझ्या प्रश्नावर बाईंनी आत बोट दाखवले. नातवंडे मुंबईत आणि परदेशात. मुलगा वाडी पाहतो, सून बँकेत. भाखरे करणारी होती स्वयंपाकघरातली वारली बाई. वीस वर्षे ती हे पीठ भिजवते आहे. सुनेला भाखरा शिकवला तोही तिनेच. म्हातारबाईंचे हात आता थरथरतात, त्या नुसत्या वास घेऊन सांगतात की पीठ आले की नाही. कुठून कुठे आलेली ही न्याहरी आज एका पाड्यावरच्या बाईच्या हातात जिवंत आहे.

त्या बाईंना मी विचारले, "आणि तुमच्या घरी?" म्हणाल्या, "येऊन बघा की." आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. गेलो.

तलासरी डहाणूच्या उत्तरेला, महामार्गावर, गुजरातच्या हद्दीला लागून. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. २०१४ साली पालघर जिल्हा झाला त्यात हे दोन्ही तालुके आले. याच तलासरीजवळ झरी गाव आहे. १९४५च्या मे महिन्यात तिथे वारली हजारोंनी जमले आणि वेठ करणार नाही असे ठरले. लग्नासाठी कर्ज काढले की नवरा-बायको दोघांनी जन्मभर सावकाराच्या वाडीत फुकट राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. जमीनदारांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते, इराणी-पारशीही होते. हे सांगितल्यावाचून कालच्या टेबलाचे कौतुक पुरे होत नाही, म्हणून सांगते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड पडले. गोदावरी परुळेकरांनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. गावच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा.

पाड्यावर पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेले अंगण. बाईंनी चुलीवरून आंबील उतरवली. रात्री नागलीचे पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचे. सकाळी त्याला आंबूस वास आला की उकळत्या पाण्यात ओतून हलवत शिजवायचे, मीठ घालायचे. ताक असले तर ताक. सोबत तव्यावर भाजलेली सुकट, कांदा, मिरची. ह्यांनी सुकटीऐवजी उडदाचे वरण घेतले आणि आंबील दोनदा मागून घेतली.

शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात दहाच्या आसपास. बाईंना हे आकडे ठाऊक नव्हते, त्यांची आई बाळंतिणीला नागली द्यायची एवढे ठाऊक होते. मला मात्र दुसरेच दिसले. काल वाडीत पीठ रात्रभर आंबत ठेवले होते, इथेही रात्रभर आंबत ठेवले होते. एकीकडे ताडी, साखर, तूप. दुसरीकडे नुसते पाणी.

बाईंचा मुलगा सहावीत. तो आंबील न खाताच निघाला. हातात पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. मी बघते आहे हे बघून बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "त्याला काळं आवडत नाही. पोरं हसतात म्हणतो." मी काय बोलणार होते? माझ्याच घरची गोष्ट तिथे उभी होती. मग म्हणाल्या, नागली आता उतारावर थोडीच लावतात. रोप काढा, लावणी करा, कापा, झोडा, आणि माणसे तर पहाटेच्या गाडीने उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. महामार्गाला जमीन गेली, रेल्वेला गेली. समुद्राकडे वाढवणला बंदर होते आहे, त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. "शेत राहिलं तर नागली," एवढेच बोलून त्यांनी भांडी उचलली.

निघताना त्यांनी दोन शेर नागलीचे पीठ कापडात बांधून दिले. पैसे घेईनात. मी शेवटी आमच्याकडचे मनुके मुलासाठी ठेवले.

घरी आल्यावर आधी भाखरे केले. आमच्याकडे ताडी कुठली! आंबट दही आणि चिमूटभर सोडा घातला. जाळी आली, पण तो वास नाही आला. नातवाने चार खाल्ले. आंबिलीचे पहिल्या दिवशी त्याने तोंड वाकडे केले. मग सुनेने ती घट्ट शिजवली, गूळ आणि दूध घातले, वाटीत ओतून थंड केली आणि वड्या पाडल्या. त्याने विचारले, "चॉकलेटची आहे का?" सून माझ्याकडे बघून म्हणाली, "हो." मी काही बोलले नाही.

कलमांपैकी नऊ जगली आहेत. दहावे कोपऱ्यावरचे, त्याचा जोड नीट बुजला नव्हता. घाईत तेवढेच पाहायचे राहिले.