काठीवरची करवत

"तू सॉफ्टवेअरवाला ना? मग हे काय नवीन खूळ?" हा प्रश्न हापिसातल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालाय. (श्लेष आपोआप झालाय, माफ करा.) लोक लंचला म्युच्युअल फंड आणि ईएमआयवर बोलतात आणि मी हल्ली चेनचा ताण किती असावा यावर बोलतो. तर या वीकएंडचा विषय इलेक्ट्रिक पोल सॉ. म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली विजेवर चालणारी छोटी चेन सॉ, जमिनीवर उभं राहून वरच्या फांद्या कापायला. बाल्कनीतल्या तुळशीपलीकडे झाडाशी संबंध नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील अजून गावाला आहेत आणि त्यांना असल्या वस्तू ऑनलाइन मागवून देणारे तुम्हीच आहात.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकलं ते आमच्याच पट्ट्यात. नारळी-पोफळी आडव्या झाल्या त्या झाल्याच, पण आंबे-फणस जे उभे राहिले त्यांच्याही फांद्या मोडल्या, चिरफळल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या मोडक्या जागांवरून भराभर नवीन फुटवे आले. दिसायला छान, पण वादळानंतरचे असे फुटवे खोडाला वरवरच धरलेले असतात. जाड झाले की वाऱ्यात फाटतात. म्हणजे ते वेळेवर काढायला हवेत. आणि काढणार कोण? आमचे नेहमीचे पाडेली आता साठीच्या पुढे, गुडघे गेलेले. त्यांचा मुलगा पनवेलला टेम्पो चालवतो, त्याला झाडावर चढण्यात काडीचा रस नाही (आणि का असावा?). मग बाबा स्वतःच कोयता घेऊन शिडीवर. वय त्रेसष्ट. आईचा फोन आला तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "ते वर आहेत, मी शिडी धरून उभी आहे, तू काय ते बघ."

मी बघितलं आणि पोल सॉ मागवली. कॉर्डवाली, २३० व्होल्टची, साधारण ७५० वॅट, दांडा पूर्ण उघडला की पावणेतीन मीटरच्या आसपास, वजन चार किलोच्या थोडं आत.

गंमत म्हणजे विजेवरची चेन सॉ ही काही नवी वस्तू नाही. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये पेटंट घेतलं ते इलेक्ट्रिक सॉचंच. दोन माणसांनी उचलायचं धूड, वजन ४८ किलो. दातांचा आजचा आकार मात्र अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांचा. हा मनुष्य ओरेगॉनमधला लाकूडतोड्या. १९४६ मध्ये त्याने लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी बघितली. ती सरळ पुढे न खाता डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत होती. चेनचे दात आजही तसेच आहेत, एक डावा, एक उजवा. आमच्या बाबांना हा किस्सा इतका आवडला की यंत्रापेक्षा आधी अळी गावभर झाली.

असो. मुद्द्यावर येतो.

या यंत्राची अडचण अशी की ते घाबरवत नाही. पेट्रोलची चेन सॉ सुरू केली की तिचा आवाज, धूर, हातातली थरथर हे सगळं मिळून "जपून रे बाबा" असं सांगत असतं. ही मात्र मिक्सरसारखी गुणगुणते. त्यात पातं तुमच्यापासून तीन हात लांब. साहजिकच वाटतं, की लांब आहे म्हणजे धोकाही लांब आहे. प्रत्यक्षात पात्याने हात कापायची भीती कमी होते हे खरं, पण तिच्या जागी दोन नव्या गोष्टी येतात. फांदी तुमच्या डोक्यावर येते आणि तुमच्या हातात एक लांबलचक अॅल्युमिनियमची दांडी येते. पहिलीसाठी थोडी भूमिती लागते, दुसरीसाठी थोडी वीज. बारावीपर्यंतचं पुरतं, इंजिनिअरिंग लागत नाही.

आधी भूमिती. दोन किलोचं टोक पावणेतीन मीटर लांब आडवं धरून बघा, पाच मिनिटांत खांदा भरून येतो. म्हणून हात आपोआप दांडा उभा करायला लागतात. जितका उभा तितका हलका. पण जितका उभा तितकी फांदी तुमच्या टाळूवर. म्यान्युअल म्हणतं, जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा धरू नका. आता ६० अंशांचा कोसाइन अर्धा. म्हणजे तीन मीटरचा दांडा ६० अंशांत धरला तरी पातं तुमच्यापासून आडव्या अंतरात फक्त दीड मीटरवर आहे! आणि फांदी काही दीड मीटरची नसते. ती शेंड्याकडून आधी वाकते, जमिनीवर आपटते, उसळते, कधी दांड्यावरूनच घसरत हातांकडे येते. त्यामुळे फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचंच नाही, बाजूला राहायचं, आणि सुरू करण्याआधी मागे पळायची वाट मोकळी करायची. आमच्याकडे त्या वाटेत नारळाच्या सोडणांचा ढीग होता. तो हलवण्यात अर्धा तास गेला. बाबा वैतागले. "अरे, फांदी कापायला आलोय की अंगण झाडायला?"

आणि हो, शिडी. पोल सॉ आणली की पहिला विचार येतो तो "शिडीवर चढून वापरली तर अजून वरचं मिळेल" हाच. बाबांना आलाच. शिडी टाळण्यासाठी घेतलेलं यंत्र शिडीवर न्यायचं! फांदी तुटली की दांड्यावरचा भार एकदम जातो किंवा एकदम येतो, आणि जमिनीवरसुद्धा पाऊल मागे टाकावं लागतं. शिडीवर मागे पाऊल टाकायला काही नसतं. जिथे पोचत नाही तिथे पोचत नाही, संपला विषय.

कापायची रीत तीन घावांची. जाड फांदी असेल तर खोडापासून फूटभर अंतर सोडून आधी खालून पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत छेद. मग त्याच्या थोडं बाहेरून वरून काप. वजन उतरलं की उरलेला थोटूक शेवटी. खालचा छेद नाही घेतला तर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडत नेते, आणि आंब्याच्या खोडाला ती जखम वर्षानुवर्षं पुरते. थोटूक काढतानाही खोडाला घासून काढायचा नाही. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडं असल्यासारखा भाग असतो तो ठेवायचा. अॅलेक्स शायगो या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञाने हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून भिंती घालून बंद करतं, आणि त्या भिंती घालायची सामग्री या कड्याजवळ असते. आमचे पाडेली हे कुठलंही पुस्तक न वाचता "गाठ सोडून काप" असं सांगायचे.

आणखी एक. पात्याच्या खालच्या कडेची चेन मोटरकडे धावते, म्हणून वरून कापताना यंत्र फांदीकडे ओढलं जातं. वरच्या कडेने, म्हणजे खालून कापताना, तेच यंत्र तुमच्या अंगावर ढकललं जातं. आणि पात्याचं टोक कशाला लागलं तर ते उसळतं. हे तीन धक्के आधी बारक्या फांद्यांवर अनुभवून घ्यावेत. शिवाय वर आधी नीट बघावं. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी असतात, कधी गांधीलमाश्यांचं पोळं. चालू करवत हातात असताना गांधीलमाशी आली तर करवत आधी बंद करायची की माशी आधी हाकलायची, हा प्रश्न पडायलाच नको.

आता वीज. कॉर्डवालं यंत्र म्हटल्यावर लोक कॉर्ड तुटण्याचीच काळजी करतात. ती करावीच. एक्स्टेन्शन बाहेर वापरायच्या जाड रबरी वायरीचं असावं. रीळ पूर्ण उलगडावं, गुंडाळलेली वायर तापते. वायर पाठीमागून घ्यावी. आणि मुख्य म्हणजे सॉकेटच्या मागे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असावी. गावाकडच्या जुन्या घरांत बहुधा नसते. आमच्याकडे नव्हती, आधी ती बसवली, मग खोकं उघडलं. पावसात अर्थातच नाही, आणि कोकणात पाऊस कधी येईल याचा नेम नसतो.

पण खरी भीती आपल्या वायरीची नाहीच. रस्त्याकडेच्या आमच्या रायवळ आंब्याची एक फांदी विजेच्या खांबावरच्या तारांपासून जेमतेम दीड मीटरवर आली होती. बाबांचा डोळा पहिल्या दिवसापासून तिच्यावर. "यंत्र दुहेरी इन्सुलेशनचं आहे ना? चौकोनात चौकोन दाखवलास की तू. शिवाय ती आरसीसीबी. पायात रबरी चप्पल. मग?"

प्रश्न फार चांगला होता, म्हणून उत्तर नीट द्यायला बसलो. दुहेरी इन्सुलेशन म्हणजे मोटरच्या आतली वीज बाहेरच्या कवचावर येऊ नये याची सोय. बाहेरच्या तारेची वीज दांड्यातून हातात येताना ती आडवी येत नाही. आरसीसीबी घरातून गेलेला आणि घरात परत आलेला करंट यांचा हिशेब बघते. खांबावरच्या तारेतून दांड्यात, दांड्यातून बाबांत आणि बाबांतून जमिनीत जाणारा करंट घराच्या बोर्डातून जातच नाही. आरसीसीबी शांत बसून राहील, तिच्या दृष्टीने सगळं आलबेल. चप्पल घामाने, चिखलाने ओली झाली की तिचा भरवसा संपला, आणि ११ केव्हीच्या लाइनपुढे तर कोरडीचाही नाही. शिवाय कापलेली हिरवी फांदी तारेवर पडली तर तीही वीज वाहते. आमच्या म्यान्युअलमध्ये तारांपासून १० मीटर दूर राहा असं लिहिलंय, आणि इतकं लांब राहिलं की दीड मीटरच्या फांदीचा प्रश्नच निकालात निघतो.

"मग वायरमनला सांगून फ्यूज काढून घेऊ, दहा मिनिटांचं काम," शेजारचे काका म्हणाले. काकांनी त्याआधी ट्रिगर सारखा दाबायला लागू नये म्हणून सुतळीने बांधायचीही सूचना केली होती, त्यामुळे मी सावध होतो. (ट्रिगर सोडला की चेन थांबते, एवढं एकच ब्रेकसारखं साधन आपल्या हातात असतं.) फ्यूज काढूनही तार मेली असं धरता येत नाही. कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर तीच वीज उलटी लाइनवर येते.

दोन दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग स्वतःच जाऊन महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन आले. पावसाळ्याआधीच्या देखभालीच्या दिवशी लाइन बंद करून माणसं आली. वायरमनने झाडाकडे बघायच्या आधी तारा शॉर्ट करून त्यांना अर्थ लावला, मग फांदी दोरीने बांधून उतरवली. बाबा ते सगळं बारकाईने बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "तो बंद लाइनलाही अर्थ लावतो रे." एवढंच. आई शेंगा सोलत होती, तिने मान वर केली नाही, पण हसली.

(शहरातल्या वाचकांसाठी: सोसायटीतल्या झाडावर ही हौस भागवू नका. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, आधी पालिकेच्या उद्यान विभागात परवानगी मागा.)

देखभाल हा भाग मला वाटला होता त्यापेक्षा जास्त आवडला. प्लग काढल्याशिवाय चेनला हात नाही, हा नियम. चेनचा ताण थंड असताना बघायचा. पात्याच्या मध्यावर चेन चिमटीत धरून उचलायची, ती थोडी उचलली जावी पण खाचेतून बाहेर येऊ नये, आणि सोडल्यावर टचकन परत बसावी. नवीन चेन पहिल्या काही मिनिटांतच सैल पडते, थांबून पुन्हा बघावी. तापलेली असताना घट्ट केली तर थंड झाल्यावर आवळून बसते. धार गेली हे भुश्यावरून कळतं. कपचे पडत असतील तर ठीक, पीठ पडायला लागलं की कानस काढा. आमच्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. कोन ३० अंश, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात. बोथट चेन दाबून चालवली की मोटर तापते आणि दांडा अनपेक्षितपणे सटकतो. जमिनीवर पडलेली फांदी कापताना जांभ्याला चेन एकदा टेकली की सगळी धार गेली समजा.

तेलावरून मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही. चेनचं तेल जरा चिकट असतं, वेगात उडून जाऊ नये म्हणून. टाकीत आहे म्हणजे चेनला पोचतंय असं नाही. पातं पुठ्ठ्याच्या समोर धरून चालवायचं, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीचं काढलेलं काळं तेल तर अजिबात नको, त्यात धातूचा चुरा असतो. बाबांचं म्हणणं खोबरेल घालू. घरचं आहे, फणसाचा चीक त्यानेच सुटतो. चिकाबद्दल ते बरोबर आहेत. फणस कापला की चेन अक्षरशः गोंदात बुडवल्यासारखी होते आणि खोबरेल लावून ब्रशने घासली की सुटते. पण टाकीत नको, कारण डिसेंबरातल्या सकाळी ते थिजतं.

परवा फोन केला तर बाबांनी पावसाळ्यासाठी यंत्र आवरून ठेवलं होतं. टाकी रिकामी, मोटरच्या जाळीतला भुसा काढलेला, पातं उलटून लावलेलं म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील, चेन काढून तेलाच्या डब्यात बुडवलेली.

"कुठलं तेल, बाबा?"

"तू पुण्याहून ये आणि बघ," म्हणाले, आणि फोन ठेवला.