दोष गळ्याचा की यंत्राचा?

संगणकावर संगीत ध्वनिमुद्रित करणे आता इतके सुलभ झाले आहे, की गायनवृंदाने शहरातील स्टुडिओची वाट धरलीच पाहिजे असे नाही. याच विश्वासाने आम्ही प्रायश्चित्तकाळातील मराठी गीते घरीच मुद्रित करावयास घेतली. मुख्य स्वर होता ८१ वर्षांच्या एका मावशींचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली; त्यानंतर मिस्सामध्ये मराठीतून गाऊ लागलेल्या पहिल्या पिढीतील त्या.

पहिल्याच दिवशी मुद्रणात मध्येच कट-कट असे तडे ऐकू येऊ लागले. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि ‘बफर’ नावाच्या ओंजळीत साठवून पुढे देतो. आमची ओंजळ १२८ नमुन्यांची, म्हणजे २.९ मिलिसेकंदांची होती. तेवढ्या अवधीत काम उरकले नाही, तर स्वराचा धागा तुटतो. आम्ही घाईने ओंजळ १,०२४ नमुन्यांची केली. तडे थांबले; परंतु आता हेडफोनमधून मावशींना स्वतःचाच स्वर उशिरा ऐकू येऊ लागला. आत जाताना २३ आणि बाहेर येताना २३ मिलिसेकंद! त्या अडखळू लागल्या, ताल सुटू लागला.

“माझाच गळा थकला रे बाळा. दुसऱ्या कोणाला तरी घे,” असे म्हणून त्यांनी हेडफोन काढून ठेवला. लिहिण्यास लाज वाटते, पण आम्ही त्यांना अडवले नाही. वयाचा दोष असावा, असे आम्हांलाही वाटून गेले.

त्या रात्री आम्ही स्वतः माइकपुढे उभे राहून तेच गीत गायलो. आम्हीही तसेच अडखळलो! मग एका वेळी एकच बदल करून, प्रत्येक वेळी गाऊन पाहिले. संगणक वीजबचतीच्या पद्धतीवर चालत असल्याने प्रोसेसर संथ होता. ती पद्धत बदलली. पेटी व तबल्याच्या मुद्रित ट्रॅकवर देवळातील घुमाऱ्याचा आभास आणणारे गणित क्षणोक्षणी चालू होते. ते ट्रॅक परिणामासह ‘फ्रीझ’ करून तो भार उतरवला. वाय-फाय बंद केले. अखेर २५६ नमुन्यांवर तडाही उरला नाही, आणि जाता-येता मिळून विलंब सुमारे १२ मिलिसेकंदांवर आला. गायनवृंदात चार मीटरांवर उभ्या असलेल्या सोबत्याचा स्वर कानी येण्यास एवढाच वेळ लागतो.

रविवारी मिस्सानंतर आम्ही मावशींच्या घरी गेलो आणि सारे सांगून क्षमा मागितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी नाही का पाहायचं? आठवडाभर मी मिठाच्या पाण्याने गुळण्या करतेय!”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि चारही कडवी सलग गायल्या. तेव्हापासून कोणालाही ‘पुन्हा गा’ म्हणण्यापूर्वी आम्ही हेडफोन प्रथम आपल्याच कानांना लावून पाहतो.