कोसा इथं, दुकान तिकडं

अमेरिकेतली भाची अल्पाकाच्या फार्मवर जाऊन आली की फोटो पाठवते. कुंपणाआड लोकरीचं जनावर आणि फाटकापाशीच त्याच्या लोकरीचे मफलर विकणारं दुकान. आमच्या झाडीपट्टीत लोकर नाही, कोसा आहे, म्हणजे टसर रेशीम. तो झाडावर आणि दुकानात, दोन्हीकडे पाहायचा म्हणून गोंदिया–बल्लारशा गाडीनं अर्जुनीला उतरले.

पाऊस ओसरला होता. जंगलालगत येन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबं टसरच्या अळ्या पाळतात. पाळतात कसलं, उघड्यावर सोडतात. तुतीच्या अळीला घरात बसून पाला मिळतो. ही मात्र उन्हापावसात, मुंग्या-गांधीलमाशा आणि पाखरांच्या तोंडी. म्हणून एक म्हातारबा गुलेर घेऊन झाडाखाली बसलेले. बोटाहून जाड, हिरव्यागार अळीकडे माझा हात गेला, तसे ते म्हणाले, "हात नोका लावू जी बाई." चार वेळा कात टाकून ती एवढी होते आणि मग पानांच्या आडोशाला कोष विणते. कोष देठासकट फांदीला इतका घट्ट लटकतो, की तो तोडताना डहाळीच कापावी लागते.

त्यांचे वडील या दिवसांत मांसमासळी शिवत नसत म्हणे. तळ्यावर जाळं टाकून जगणाऱ्या घरात हे व्रत! मला अळीपेक्षा त्याचंच नवल वाटलं.

अंगणात त्यांची सून उकडलेले कोष पुढ्यात घेऊन बसली होती. चार-पाच कोषांचे तंतू एकत्र करून उघड्या मांडीवर पीळ द्यायचा आणि धागा लाकडी चौकटीवर गुंडाळायचा. हल्ली सूत काढायची यंत्रं आली आहेत, पण या घरात मांडीच. तिथली कातडी राठ झाली होती. मी विचारलं, "याची साडी कधी नेसलात?" ती हसली. "आमी कायले नेसतो जी?" बहुतेक कोष तर सूत न काढता तसेच व्यापाऱ्याला जातात.

दुकान गाठायला साकोली, लाखनी, भंडारा करत मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला जावं लागलं. 1999 पर्यंत गोंदिया भंडाऱ्यातच होतं, तेव्हा अळी आणि माग निदान एका जिल्ह्यात तरी होते. इथले कोष्टी करवतकाठी साडी विणतात. अंग कोशाचं, काठ सुती, आणि दोन्ही जिथं जुळतात तिथं करवतीचे दाते. त्यासाठी मागावर तीन धोटे फिरतात. दाता चुकला तर उसवून पुन्हा विणायचं. या साडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि दुकानदारानं ते पहिल्याच वाक्यात सांगितलं.

मी विचारलं, सूत कुठलं? तो जरा थांबला. बाणा इकडचा, ताणा बाहेरून येतो. बाहेरचा धागा एकसारखा असतो, तुटत नाही. त्याचंही खोटं नव्हतं. पण अर्जुनीच्या त्या झाडांखाली तो कधी गेलेला नव्हता, आणि म्हातारबांनी माग पाहिलेला नव्हता. मधला माणूस दोघांनाही ठाऊक होता.

मी एक दुपट्टा घेतला, तुटक-गाठाळ सुताचा. मऊ, गुळगुळीत दुपट्टे शेजारीच होते, पण ते मला नको होते. कुणाला जायचं असेल तर आश्विन-कार्तिकात जावं. उन्हाळ्यात झाडावर काहीच दिसत नाही. बियाण्याच्या कोषातला जीव पहिल्या पावसापर्यंत आत झोपलेला असतो. आणि आधी अर्जुनीला जावं, आंधळगावला मागून. तसं केलं की साडीचा भाव ऐकून घासाघीस करायला जीभ रेटत नाही.