तिसरा रकाना

दिवाळीपूर्वी आमच्या पेढीवर वडील उधारीची यादी काढीत. तिच्यात तीन रकाने असत: येणारी, उशिरा येणारी आणि न येणारी. तिसऱ्या रकान्यातील रक्कम वजा केल्यावाचून ते वर्षाच्या नफ्याचा आकडा उच्चारीत नसत. पुढे बँकांचे वार्षिक अहवाल वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की बँकेचा नफा आणि तिची पत ही दोन्ही याच रकान्यावर अवलंबून असतात.

बँकेची मूळ कमाई म्हणजे कर्जावर मिळणारे व्याज आणि ठेवींवर द्यावे लागणारे व्याज यांतील फरक. चालू व बचत खात्यांतील पैसा स्वस्त पडतो. तो जिच्याकडे अधिक, तिचा हा फरक मोठा. तरीही तो साधारणतः शेकडा तीन रुपयांच्या आसपासच असतो. म्हणजे शंभर रुपयांचे एक कर्ज पुरते बुडाले, तर तेवढ्याच रकमेच्या तेहेतीस चांगल्या कर्जांची वर्षभराची कमाई त्यात जाते. पगार-भाड्याचा खर्च वेगळाच. चढे व्याज देणाऱ्या कर्जदारापेक्षा वेळेवर मुद्दल देणारा कर्जदार मोलाचा, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

२०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांची कर्जे कसोशीने तपासावयास घेतली आणि झाकलेली बुडीत उधारी उघडी पडू लागली. मार्च २०१८ अखेर थकीत कर्जांचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर गेले. तरतुदी करता करता अनेक सरकारी बँका तोट्यात गेल्या, शासनाला भांडवल ओतावे लागले. परंतु हिशेब स्वच्छ झाला. २०२४ मध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आले, नफा वाढला आणि गुंतवणूकदारही परतले.

याउलट पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे झाले. बहुतांश कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेले, आणि ते हिशेबात लपविलेले. कागदावर नफा दिसत होता. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा खातेदारास आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. कित्येक लहान व्यापाऱ्यांचे खेळते भांडवल तेथेच थिजले.

आमच्या विधवा आत्याबाईंची ठेव नूतनीकरणास आली, तेव्हा अर्धा टक्का अधिक देणाऱ्या बँकेचा आग्रह घरात झाला. मी त्या बँकेचा अहवाल मागविला. थकीत कर्जे दोन वर्षे वाढत होती; त्यांसाठीची तरतूद मात्र जागच्या जागी होती. एक लाखावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाचशे रुपये. तेवढ्यासाठी त्यांची आयुष्याची पुंजी पणास लावणे मला रुचले नाही. ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे झाले आहे. म्हणून रक्कम दोन बँकांत विभागून प्रत्येक ठिकाणी व्याजासह त्या मर्यादेच्या आत ठेवली.

आपल्या घरांत माल घेण्यापूर्वी नमुना पाहण्याची रीत आहे. ठेव ठेवताना किंवा बँकेचा शेअर घेताना तिचा तिसरा रकानाही तसाच पाहावा.