ब्रेकमागची हवा

आमच्या दादांची एक सवय होती. कसारा घाटाच्या माथ्यावर पोहोचले की ते गाडीचे इंजिन बंद करीत. कापड पेठेतील दुकानाच्या खरेदीसाठी महिन्यातून दोनदा मुंबईला, मंगलदास मार्केटात जावे लागे. आणि उतारावर पेट्रोल जाळणे म्हणजे त्यांच्या लेखी गल्ल्यातील पैसे रस्त्यावर उधळणे होते. गाडी होती प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पेडल दाबायला बळ केवळ पायाचे. इंजिन चालू असो वा बंद, पेडल सारखेच जड. उतारावर गियरमधले इंजिनही गाडीला आवरून धरते, हे कोणी दादांना सांगितले असते तरी त्यांनी ते मानले नसते. ही काटकसर कित्येक वर्षे बिनबोभाट चालली.

1996 मध्ये आम्ही मारुती एस्टीम घेतली. पुढच्याच वर्षी तिच्यातून मुंबईला निघालो. गाडी मी चालवत होतो, दादा शेजारी. घाटाच्या तोंडाशी ते म्हणाले, "बंद कर रे इंजिन." मी केले. पहिल्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा लागला, दुसऱ्या वळणावर पेडल थोडे ताठर वाटले. तिसऱ्या वेळी तर भिंतीवर पाय ठेवावा तसे झाले, आणि पुढे कांद्याने भरलेला ट्रक! मी दोन्ही पाय पेडलवर रोवले, दादांनी हँडब्रेक ओढला. गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. इंजिन सुरू करताच तेच पेडल लोण्यात सुरी जावी तसे खाली गेले.

कारण मला नंतर कळले. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बूस्टर नावाचा गोल डबा असतो. आत रबरी पडदा. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेते. पेडल दाबले की दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा शिरते आणि पडदा ढकलते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलो. पडदा 20 सेंटीमीटर व्यासाचा धरला आणि दाबातला फरक दोन-तृतीयांश धरला, तर सुमारे 200 किलोंचे बळ फुकट मिळते. इंजिन बंद झाल्यावर डब्यातली शिल्लक दोन-तीन दाबांपुरतीच. खात्यात नवी जमा नाही आणि आपण धनादेश फाडत सुटलो, असा तो प्रकार.

गाडी अजून आहे. गेल्या वर्षी पेडलखालून फुसफुस आवाज येऊ लागला, इंजिन अडखळू लागले, ब्रेक जड झाला. पडदा फाटला होता. मिस्त्री म्हणाले, "साहेब, या गाडीचा बूस्टर लवकर मिळत नाही. काढून टाकू, सरळ दांडा जोडून देतो. जुन्या गाड्यांना कुठे होता?" खरे सांगतो, मला ते पटले. घाटातला तो दिवस मी विसरलो नव्हतो. जे कधी दगा देईल सांगता येत नाही, ते नसलेलेच बरे, असे वाटले.

पण हिशेब मांडल्याशिवाय सही करण्याची सवय नाही. घरी वजनकाटा भिंतीला टेकवला, समोर खुर्चीत बसून पायाने दाबला. माझा आकडा 60 किलो. गाडी सौभाग्यवतीही चालवतात; त्यांच्या गुडघ्याचे दुखणे जुने. त्यांचा आकडा 30. पेडलची तरफ साधारण चौपट धरली, तर त्यांचे 120 आणि बूस्टरचे 200 मिळून 320 होतात. नुसता दांडा जोडला तर उरतात 120.

बूस्टर काढायचाच तर बाकीचे काम पुरते बदलावे लागते. पेडलची तरफ चौपटीवरून सहापट करायची, मास्टर सिलिंडरही बारीक बसवायचा. 22 मिलिमीटरऐवजी 19 चा घेतला तर तेवढ्याच बळात दाब एक-तृतीयांशाने वाढतो. मात्र पेडल तितके अधिक खोल जाते. हे सगळे करूनही सौभाग्यवतींच्या पायाला मूळच्या तीन-चतुर्थांश बळच मिळत होते. पद्मिनी बूस्टरशिवाय चाले, कारण तिची घडणच तशी होती. शिवाय उद्या अपघात झाला आणि विम्याच्या सर्वेक्षकाने बॉनेट उघडले, तर त्याला काय सांगावे, हा प्रश्न बँकेतल्या माणसाला सुचणारच.

बूस्टर यायला तीन आठवडे लागले. गाडी तोवर गॅरेजातच उभी ठेवली. रिक्षाभाड्यावरून दादांची बोलणी खाल्ली.

मिस्त्रींनी एक चाचणी शिकवली, ती मी दर महिन्याला करतो. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचे, मग दाबून धरायचे आणि इंजिन सुरू करायचे. पेडल किंचित खाली सरकले की बूस्टर ठीक. जागचे हलले नाही, तर गाडी बाहेर न काढता मिस्त्रींना बोलावायचे.

गेल्या महिन्यात दादांना घेऊन मुंबईला निघालो. घाटाच्या माथ्यावर मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये घातली. दादांनी एकदा किल्लीकडे पाहिले, मग काच खाली करून दरीकडे पाहत बसले.