बुडणे आणि हरवणे

भाटघर धरणाचे पाणी वैशाखात उतरू लागले की वेळवंडी नदीच्या खोऱ्यात कांबरेश्वराचे मंदिर वर येते. वर्षाचे बहुतेक महिने ते पाण्याखाली असते, आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा खाली जाते. पण ‘मंदिर हरवले’ असे भोर तालुक्यात कुणी म्हणत नाही. बुडाले, असे म्हणतात. मराठीने या दोन क्रियापदांत नेमका फरक राखला आहे. बुडालेल्या वस्तूची जागा ठाऊक असते, वर किती पाणी आहे तेही ठाऊक असते. हरवलेल्या वस्तूबद्दल यांतले काहीच ठाऊक नसते. बुडणे ही त्या वस्तूची अवस्था आहे, तर हरवणे ही आपल्या माहितीची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रात गेलेल्या जहाजांचा विचार करताना मला हा फरक कळीचा वाटतो. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणतीराने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ते दुःख मोठे आहे, पण खुकरी हरवलेली नाही. तिला कुणी, कसे आणि साधारण कुठे बुडवले हे सांगता येते, दीवला तिचे स्मारकही आहे. त्याआधीची, १७ जुलै १९४७ ची ‘रामदास’ आगबोटही हरवलेली नाही. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना ती उलटली तेव्हा वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली आणि त्यांनी घडले ते सांगितले. म्हणून मला असे वाटू लागले आहे की जहाज बुडते ते समुद्रात, पण ते हरवते ते जमिनीवर.

३० जून १९७९ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून ‘कैरली’ हे मालवाहू जहाज निघाले. ते केरळ शिपिंग कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या मालकीचे होते. पोटात सुमारे वीस हजार टन लोहखनिज होते. वाटेत जिबूतीला इंधन घेऊन पूर्व जर्मनीतल्या रोस्टॉक बंदराला ते पोहोचायचे होते. जहाजावर पन्नासच्या आसपास माणसे होती. त्याचा शेवटचा संदेश आला तो ३ जुलैला. आषाढी एकादशी तोंडावर आली होती. वेल्ह्याच्या म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या भातखाचरांत हे दिवस आवणीचे असतात. आवणीला पाणी देणारे ढग ज्या वाऱ्यावर येतात तोच वारा कैरलीला समोरून घ्यावा लागत होता. जुलैत अरबी समुद्राच्या पश्चिम भागात, सोमालियाच्या बाजूला, तो सर्वांत जोरात असतो, आणि जिबूतीची वाट तिकडूनच जाते. घाटमाथ्यावरच्या माणसाला समुद्राचे काय, असे कुणी विचारले तर माझे पहिले उत्तर हेच असेल की तोरण्यावर कोसळणारा पाऊस त्या जहाजाच्या वाटेवरूनच आलेला असतो. कोकणातले कोळी या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जात नाहीत. पोलादी जहाजाला ही मुदत पाळावी लागत नाही असे आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. म्हणूनच जेव्हा ते खरे ठरत नाही, तेव्हा जमिनीवर कुणीतरी जागे असायला हवे.

४ जुलैला कैरलीचा संदेश आला नाही. त्यानंतरही आला नाही. ठरल्या वेळी जहाज जिबूतीला लागले नाही. समुद्रावर आणि आकाशातून शोध सुरू झाला, तोवर आठवड्याहून अधिक काळ निघून गेला होता. या दिरंगाईचा अर्थ साध्या गणिताने कळतो. एखादा तराफा ताशी एक सागरी मैल वेगाने वाहत गेला, तर एका दिवसात तो चोवीस मैल जातो आणि दहा दिवसांत दोनशे चाळीस. कुठल्या दिशेला हे ठाऊक नसेल तर शोधायचे क्षेत्र दहा पटींनी वाढत नाही, शंभर पटींनी वाढते. पहिल्या दिवशी जो शोध एखाद्या लहान जिल्ह्यापुरता असतो, तो दहाव्या दिवशी दोन महाराष्ट्रांएवढा झालेला असतो. कैरलीचे म्हणून ओळखता येईल असे काहीही हाती लागले नाही. ते जहाज आजही सापडलेले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खरोखर वजनदार आहे. त्या काळी साधने कुठे होती? जहाज कुठे आहे हे उपग्रहावरून कळत नव्हते. बुडताना आपोआप सुटून हाक देणारे यंत्र जहाजांवर सक्तीचे नव्हते. समुद्रातला शोध आणि बचाव यांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार हॅम्बुर्गला झाला तो एप्रिल १९७९ मध्ये, कैरली निघण्याच्या दोनच महिने आधी, आणि तो अमलात यायला १९८५ उजाडले. आपले तटरक्षक दल रीतसर स्थापन होऊन वर्षही पुरे झाले नव्हते. हे सारे मला मान्य आहे. पण त्याच्या सहाच महिने आधीचे उदाहरण पाहा. डिसेंबर १९७८ मध्ये उत्तर अटलांटिकच्या वादळात ‘म्युन्शेन’ हे जर्मन जहाज २८ माणसांसह गेले. साधने तीच होती, काळही तोच. तिथे शंभराहून अधिक जहाजे शोधाला लागली. उत्तर अटलांटिक हा वर्दळीचा समुद्र आहे आणि म्युन्शेनची क्षीण का होईना संकटाची हाक कुणीतरी ऐकली होती, हा फरक मी लपवत नाही. कैरलीकडून तशी हाक आली नाही. पण रोज येणारा संदेश ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी तीही हाकच असते. ती ऐकायला यंत्र लागत नाही. वहीत रकाना लागतो, आणि तो रिकामा राहिला की अस्वस्थ होणारा माणूस लागतो.

म्युन्शेनही सापडले नाही. तरी ते कैरलीइतके हरवलेले नाही, कारण त्याची एक जीवनरक्षक होडी मिळाली. पाण्याच्या पातळीपासून सुमारे वीस मीटर उंचीवर टांगलेल्या त्या होडीच्या पोलादी खिळी वाकल्या होत्या. एवढ्या उंचीवरच्या पोलादाला वाकवणारी लाट उसळली असणार, असे त्यावरून तपासणाऱ्यांनी ताडले. अशा राक्षसी लाटांबद्दल खलाशी पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते आणि अभ्यासक त्यावर फारसा विश्वास ठेवत नव्हते. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या द्राउप्नर या वायुवाहिन्यांच्या फलाटावरच्या उपकरणाने पंचवीस मीटरांहून उंच लाट मोजली, तेव्हा तो वाद मिटला.

पण माझ्या म्हणण्याचा खरा आधार ‘डर्बीशायर’ हे जहाज आहे. हे ब्रिटिश जहाज कॅनडाहून लोहखनिजच घेऊन जपानला निघाले होते. लांबी जवळजवळ तीनशे मीटर, वय अवघे चार वर्षे. सप्टेंबर १९८० मध्ये ‘ऑर्किड’ या चक्रीवादळात ते ४४ माणसांसह नाहीसे झाले. हाक आली नाही. सरकारने सुरुवातीला रीतसर चौकशीच नाकारली. पुढे ती झाली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष आला की बहुधा निसर्गाच्या शक्तींपुढे जहाजाचे काही चालले नाही. असे वाक्य कुठल्याही जहाजाला लागू पडते आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. मृतांच्या नातेवाइकांनी संघटना केली आणि ते वाक्य मान्य करायचे नाकारले. १९९४ मध्ये वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पैसे दिले आणि सुमारे चार किलोमीटर खोल तळाशी डर्बीशायर सापडले. मग लाखाहून अधिक छायाचित्रे घेतली गेली. समुद्र खोल आहे, पुरावा मिळणारच नाही, हा आक्षेप त्या दिवशी संपला.

त्यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९९८ मध्ये तज्ज्ञांनी ती छायाचित्रे पाहून काढलेल्या निष्कर्षात दोषाचा वाटा खलाशांच्या माथी आला: नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, कोठाराचे झाकण त्यांनी नीट बंद केले नव्हते. मेलेली माणसे उत्तर द्यायला येत नाहीत, त्यामुळे असा निष्कर्ष सोयीचा असतो. पण चौकशी पुन्हा उघडली गेली. न्यायमूर्ती कोलमन यांनी २००० साली खलाशांना त्या आरोपातून मुक्त केले. लाटांनी पुढच्या भागातली हवेची तोंडे मोडली, तिथून पाणी शिरत गेले, नाळ खाली बसत गेली आणि अखेर पहिल्या गोदामाचे झाकण लाटांच्या भाराखाली फुटले, असे त्यांनी मांडले. झाकणांच्या मजबुतीचे जुने मोजमाप अपुरे होते. बुडालेली माणसे बुडालेलीच असतात, समुद्रालाच त्यांची समाधी मानावे, कशाला तळ ढवळायचा, असे म्हणणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण वीस वर्षे एखाद्याच्या मुलाबाळांनी बाप निष्काळजी होता की नव्हता हे न कळता जगावे, याला मी शांती म्हणू शकत नाही.

खर्चाचा आक्षेपही आहेच: एवढ्या पैशात जिवंतांसाठी काही करता आले असते. केलेही गेले, आणि ते अशाच चौकशांच्या जोरावर. सुटा माल वाहणाऱ्या जहाजांसाठी सुरक्षेचे वेगळे नियम १९९७ मध्ये ठरले आणि १ जुलै १९९९ पासून लागू झाले. लोहखनिज हा फसवा माल आहे. ते इतके जड असते की गोदाम बरेचसे रिकामे दिसत असतानाच जहाज भारते. त्यात पावसाळ्यात भिजलेली बारीक भुकटी असेल, तर समुद्राच्या हेलकाव्यांनी ती चिखलासारखी वाहू लागते आणि जहाज कलंडते. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजे आपल्याच देशातली अशी भुकटी घेऊन बुडाली. कैरलीचे असेच झाले असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला पुरावा नाही. पण पावसाळ्यात मुरगावहून लोहखनिज घेऊन निघालेल्या जहाजाचे काय झाले याचा छडा १९७९ सालीच लागला असता, तर तीस वर्षांनंतरच्या खलाशांच्या हाती काही माहिती तरी आली असती.

पाण्याने केलेल्या घाताची चौकशी कशी करतात हे वेल्हे तालुक्याला ठाऊक आहे. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पाण्याच्या वाटेचे काम पुरे झालेले नसताना धरण भरले होते आणि पाणी सोडण्याच्या विमोचकाच्या नाल्यावरचा भराव खचत गेला होता. चौकशी न्यायमूर्ती बावडेकरांकडे गेली. त्यांच्या मृत्यूनंतर ती न्यायमूर्ती नाईकांनी पुरी केली. अहवालाने सगळ्यांचे समाधान केले असे नाही. पण कुणी, कधी, काय ठरवले याचा कागद झाला आणि त्यावर आजही वाद घालता येतो. तिथे फुटलेला बांध डोळ्यांसमोर होता, समुद्रात तसे काही नसते, ही तुलना अन्यायाची आहे, असे म्हणता येईल. मात्र पानशेतचाही निम्मा पुरावा मातीत नव्हता. तो पत्रव्यवहारात, कामाच्या वेळापत्रकात आणि माणसांच्या साक्षींत होता. जहाजाच्या बाबतीतही तो तिथेच असतो. जहाज निघताना काय दुरुस्त व्हायचे राहिले, माल किती भिजला होता, संदेश आला नाही तेव्हा कुणी कुणाला फोन केला: हे काही चार किलोमीटर खोल नसते.

भाटघरला पूर्वी लॉइड धरण म्हणत, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून. बुडालेल्या जहाजांची नोंद जिथे होत आली ती लंडनची लॉइड्स ही सागरी विम्याची संस्था मात्र वेगळ्याच लॉइडची, सतराव्या शतकातल्या एका कॉफीगृहाच्या मालकाच्या नावाची. त्या विमाव्यवहाराचा आपला कायदा १९६३ चा. त्यानुसार बेपत्ता जहाजाची वाजवी काळात खबर आली नाही, तर ते पूर्णपणे नष्ट झाले असे मानता येते. माणसासाठी मात्र जुन्या साक्ष कायद्याच्या १०८ व्या कलमाने सात वर्षे सांगितली होती. म्हणजे पोलादाचा हिशेब आधी मिटू शकतो आणि खलाशाची बायको विधवा की सधवा हे नंतर ठरते. कैरलीच्या शेवटच्या संदेशाला सात वर्षे झाली ती ३ जुलै १९८६ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरात डर्बीशायरचे भावंड-जहाज ‘कौलून ब्रिज’ आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले, त्याच्या डेकला गेलेले तडे चर्चेत आले आणि डर्बीशायरच्या नातेवाइकांना सहा वर्षे नाकारलेली चौकशी सुरू झाली. एका जहाजाच्या लोकांसाठी कायद्याने फाइल मिटवायची मुभा दिली, तेव्हाच दुसऱ्याची उघडत होती. कैरलीसाठी तळापर्यंत जायला आज पैसा लागेल, यंत्रे लागतील, कदाचित नशीबही लागेल. पण ४ जुलै १९७९ ला न आलेल्या संदेशाची नोंद कुणाच्या टेबलावर, किती वाजता झाली आणि पुढच्या दिवशी तिचे काय केले गेले, हे विचारायला जमिनीवरून कुठेही जावे लागत नाही.